नाव तर यादीत होतं

जानेवारीतली गोष्ट. मधल्या सुट्टीत नववी 'ब'ची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मी 'अ' तुकडीची वर्गशिक्षिका, त्यामुळे तिला चेहऱ्याने ओळखत होते, नावाने नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "टीचर, मेरा स्कॉलरशिप का पैसा नै आया. सबका आ गया."

मी नेहमीचं उत्तर दिलं. बँकेत वेळ लागतो, येईल. ती गेली. आठवड्याने परत आली, या वेळी पासबुक घेऊन. मग मी यादी उघडली. नाव होतं. वडिलांचं नाव होतं. पुढे 'रक्कम जमा' असंही होतं. मी लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे फिरवला आणि जरा चढ्या आवाजात म्हटलं, "हे बघ, जमा झालेत." तिने पासबुक पुढे केलं. यादीतल्या खात्याचे शेवटचे चार आकडे आणि पासबुकातले चार आकडे जुळत नव्हते.

ते खातं दुसऱ्या मुलीचं होतं. माझ्याच 'अ' तुकडीतल्या. त्याच नावाच्या, वडिलांचंही तेच नाव असलेल्या. आणि 'ब'मधल्या या मुलीला आमच्या सगळ्या याद्यांतून कोणी पुसलं होतं, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. मीच पुसलं होतं.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण ही चूक फक्त माझ्या शाळेत होते असं मला वाटत नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत संगणकाचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. कारण एवढंच, की बी.एड.च्या वर्षी मी एमएस-सीआयटीही केलं होतं आणि ही बातमी वीस वर्षांत कोणी विसरलेलं नाही. मुलांची माहिती आमच्याकडे तीन ठिकाणी असते. एक गुगल शीट, ती माझ्या ताब्यात. दुसरं संस्थेचं ॲप, ज्यात प्रवेश आणि पालकांचे फोन नंबर असतात. त्याचा डेटा दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर. तिसरा योजनांचा तक्ता: शिष्यवृत्ती, पुस्तकं, गणवेश. सरकारी पोर्टलांवर भरायचं ते याशिवाय. एका मुलाचा फोन नंबर बदलला की तीन ठिकाणी बदलायचा, आणि एक ठिकाण हमखास राहायचं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात आयटीत आहे. ईदला घरी आला होता, तेव्हा मी त्याला हे रडगाणं ऐकवलं. त्याने दोन दिवसांत एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. रोज रात्री दोन वाजता तो तिन्ही ठिकाणं एकमेकांशी ताडून बघायचा. शीटमध्ये काही बदललं तर ॲपमध्ये बदलायचा, ॲपमध्ये बदललं तर शीटमध्ये. नवी ओळ आली तर तिन्हीकडे यायची. ओळ काढली तर तिन्हीकडून जायची. मला वाटलं, माझं वय दहा वर्षांनी कमी झालं.

आता त्या ओळीकडे येते. ती मी का काढली?

आपल्या नावांचं एक दुखणं आहे. उर्दूत 'ज'सारख्या एकाच आवाजासाठी चार अक्षरं आहेत: जे, जाल, ज्वाद आणि जोय. अजीजमधला ज वेगळा, जाकिरमधला वेगळा, रजामधला वेगळा, जहीरमधला वेगळा. मराठीत चारही ज होतात. कोणी झहीर, अझीझ असा झ लिहितो. इंग्रजीत कधी झेड, कधी जे. मग मोहम्मदचा 'मो.' होतो, अब्दुलचा 'अ.' होतो, आणि शेख तर इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिला जातो. आमच्या भागात 'शेख अमुक शेख तमुक' अशी पद्धत आहे, म्हणजे मुलाच्या आधी शेख आणि बापाच्या आधीही शेख. फॉर्ममध्ये मात्र आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीनच रकाने. पहिला शेख कुठे घालायचा आणि दुसरा कुठे, हे ज्याने त्याने आपापल्या अकलेने ठरवलेलं. परिणाम असा, की एकच मुलगा तीन ठिकाणी तीन मुलं होऊन बसतो.

म्हणून त्या जूनमध्ये मी दुबार नावं काढायला बसले होते. एका संध्याकाळी एकोणीस काढली. प्रत्येक वेळी वाटायचं, चला, एक घाण गेली. विसावी जोडी समोर आली ती अशी: नाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीखही तीच, १ जून. आता १ जून हा आमच्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस. घरी बाळंतपण झालेलं, दाखला नाही, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं आणि तेच पुढे चाललं. हे मला ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या आपाची तारीख १ जून आहे! तरी मी विचार केला नाही. 'अ'मधली मुलगी माझी, ती मला माहीत. 'ब'मधली ओळ तिचीच, मागच्या वर्षीची उरलेली असणार. दोघींचे जनरल रजिस्टर नंबर वेगळे होते. मी म्हटलं, मध्ये शाळा सोडून परत आली असेल, म्हणून नवा नंबर पडला असेल. विटभट्टीवर जाणाऱ्या घरांत असं होतं. मनात एक उत्तर आधीच तयार असलं की पुरावाही त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

ओळ काढली. रात्री दोन वाजता प्रोग्राम जागा झाला. त्याने पाहिलं, शीटमधून एक ओळ गेली आहे. आज्ञेप्रमाणे त्याने ॲपमधली तिची नोंद काढली, योजनांच्या तक्त्यातली काढली. सकाळी तिन्ही ठिकाणं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. कुठे फरक नाही, कुठे लाल खूण नाही.

सप्टेंबरमध्ये शिष्यवृत्तीची यादी निघाली आणि मी ती नोटीस बोर्डावर लावली. मुलींनी आपापली नावं शोधली. या मुलीनेही शोधलं. तिला तिचं नाव सापडलं. तिने उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, सगळं पाकिटात घालून आपल्या वर्गशिक्षकांकडे दिलं. ते पाकीट माझ्याकडे आलं. यादीत त्या नावाची एकच मुलगी आणि तिचे कागद तर आधीच आले होते, म्हणून ते पाकीट 'जादा' समजून कपाटात राहिलं. अर्जाची मुदत संपली.

मी तिला विचारलं, "बेटा, तू आधी का नाही आलीस?" ती म्हणाली, "टीचर, नाम तो था."

यावर काय बोलायचं? तिचं नाव खरंच होतं. फक्त ती नव्हती.

त्या रविवारी मी पुण्याला फोन लावला. त्या पोराने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाला, "टीचर, चूक माझीही आहे. पुसणं इतकं सोपं ठेवायला नको होतं." मग तासभर तो मला शिकवत होता आणि मी वही घेऊन लिहून घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो फळ्यापाशी होता आणि मी बाकावर.

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत मांडते.

पहिलं म्हणजे, प्रती जुळवून ठेवणं आणि माल जपून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तीन ठिकाणी माहिती आहे, म्हणजे एक गेली तरी दोन राहतील, असं आपल्याला वाटतं. पण तिन्ही एकमेकांना बांधलेल्या असतील तर चूकही तिन्हीकडे तितक्याच इमानाने पोहोचते. जपायचं असेल तर तारीख घालून एक प्रत बाजूला काढावी लागते, जिला त्या रात्रीच्या प्रोग्रामचा हात लागत नाही.

दुसरं, पुसणं हे यंत्रासाठीही अवघड काम आहे. समजा पाच सर्व्हरांवर एकच नोंद आहे. चार ठिकाणी ती पुसली, पाचवा तेव्हा बंद पडला होता. तो जागा झाला की म्हणेल, माझ्याकडे एक नोंद आहे जी तुमच्याकडे नाही, घ्या. आणि मेलेली नोंद परत जिवंत होईल. म्हणून कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसमध्ये नोंद लगेच नाहीशी करत नाहीत. तिच्या जागी एक खूण ठेवतात, तिला म्हणतात टूम्बस्टोन. "म्हणजे कतबा," मी म्हटलं. "हां टीचर, कतबाच." कबरीवरचा दगड. इथे अमुक एक नोंद होती, ती अमुक वेळी गेली. बदलून ठेवलं नाही तर ही खूण दहा दिवस राहते, तोवर सगळ्या प्रतींना बातमी पोहोचावी म्हणून. मी त्या मुलीच्या ओळीवर कतबाही ठेवला नव्हता. कोणी विचारलं असतं की इथे कोण होतं, तर सांगायला काही उरलं नव्हतं.

तिसरं, दोन ठिकाणी दोन वेगवेगळे बदल झाले तर खरं कोणतं? सर्वात सोपा नियम म्हणजे, शेवटी ज्याने लिहिलं त्याचं खरं. पण शेवटी कोणी लिहिलं हे ठरवणार घड्याळ, आणि दोन यंत्रांची घड्याळं कधी अगदी सारखी नसतात. गुगलने आपल्या स्पॅनर नावाच्या डेटाबेससाठी डेटा सेंटरमध्ये अणुघड्याळं आणि जीपीएस बसवलं. त्याचा शोधनिबंध २०१२ मध्ये आला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. ते घड्याळ 'आत्ता इतके वाजले' असं सांगत नाही. ते सांगतं, 'आत्ताची वेळ या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कुठेतरी आहे.' आणि तेवढी शंका सरेपर्यंत डेटाबेस थांबून राहतो. आपल्याला किती खात्री नाही, हे त्या घड्याळाला माहीत असतं. जूनमधल्या त्या संध्याकाळी मला ते माहीत नव्हतं.

चौथी गोष्ट मला सर्वात मोलाची वाटली. एरिक ब्रूअर नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने २००० साली एक विचार मांडला, आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी तो गणिताने सिद्ध केला. माहितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असतील आणि त्यांच्यामधला संपर्क तुटला, तर दोनपैकी एकच मिळतं. एक तर प्रत्येक प्रत उत्तर देत राहील, पण उत्तर शिळं असू शकेल. नाही तर सगळीकडे एकच उत्तर राहील, पण काही ठिकाणी 'सध्या उत्तर देता येत नाही' असं ऐकावं लागेल. दोन्ही एकदम मिळत नाही, कितीही पैसे ओतले तरी.

"मग मोठ्या कंपन्या काय करतात?" मी विचारलं.

"आधी ठरवतात, की कोणती चूक सोसवेल."

त्याने ॲमेझॉनचं उदाहरण दिलं. डायनॅमो नावाची त्यांची व्यवस्था, २००७ साली त्यांनी तिच्यावर निबंध लिहिला. गिऱ्हाइकाच्या टोपलीच्या दोन प्रतींत फरक पडला, तर ते एक प्रत फेकून देत नाहीत. दोन्ही ठेवतात आणि दोन्हींतलं सामान एकत्र करतात. त्यात कधी कधी गिऱ्हाइकाने काढून टाकलेली वस्तू परत टोपलीत दिसते. हे त्यांना माहीत आहे आणि चालतं. टोपलीत टाकलेली वस्तू हरवणं मात्र चालत नाही. साबणाची वडी हरवू नये म्हणून एवढा विचार केलेला!

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वतःला तोच प्रश्न विचारत होते. माझ्या यादीत कोणती चूक सोसवली असती? एक नाव जादा राहिलं असतं, तर काय झालं असतं? कोणीतरी वरून फोन केला असता, संख्या जास्त का दिसते. मी उत्तर दिलं असतं, दहा मिनिटं गेली असती. आणि एक नाव कमी झालं तर? एका मुलीचं वर्ष गेलं. पण त्या संध्याकाळी मला जादा नावाची जितकी लाज वाटत होती, तितकी हरवलेल्या नावाची भीती वाटत नव्हती. आम्हा शिक्षकांना यादी स्वच्छ दिसायला हवी असते. वरून विचारणा होते ती दुबार नावांची. जी मुलगी यादीतच नाही, तिच्याबद्दल कोण विचारणार?

मी त्या मुलीच्या घरी गेले. तिचे अब्बा सॉ मिलमध्ये कामाला आहेत, दुपारी जेवायला घरी आले होते. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्या पैशांतून तिला चष्मा करायचा होता. पहिल्या बाकावर बसूनही ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, हे तिच्या अम्मींनी सांगितलं तेव्हा मला कळलं. मी पाकीट पुढे केलं. अब्बांनी घेतलं नाही. म्हणाले, "गलती सबसे होती है, टीचर. बस, अगले साल मेरी बच्ची को अलग लिखना." चहा घेतल्याशिवाय मात्र जाऊ दिलं नाही. चष्मा नंतर झाला, शाळेतल्या आम्ही चौघींनी मिळून केला. पण त्याने हिसाब पुरा होतो असं मी मानत नाही.

यावर्षी आम्ही काम कसं करतो, तेही सांगते. एखाद्या शाळेला उपयोगी पडेल.

प्रत्येक मुलाची ओळख आता जनरल रजिस्टरचा नंबर आहे. नाव ओळख नाही. नाव बदलतं, त्याचं स्पेलिंग बदलतं, ते दोघींचं एक असू शकतं. नंबर एकीचाच. आईचं नावही आता शीटमध्ये आहे. राज्य सरकारने १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव लिहिणं बंधनकारक केलं आहे. आमच्या नववी-दहावीच्या मुली त्याआधीच्या. पण आईचं नाव प्रवेश अर्जावर पहिल्यापासून होतं. आम्हीच ते शीटमध्ये आणलं नव्हतं. आणलं असतं, तर दोघी पहिल्या दिवशीच वेगळ्या दिसल्या असत्या.

प्रत्येक माहिती लिहिण्याची जागा एकच ठेवली. नाव आणि प्रवेश रजिस्टरवरून शीटमध्ये, तिथेच बदल. फोन नंबर ॲपमध्ये, तिथेच बदल. बाकी ठिकाणी त्या गोष्टी फक्त वाचायच्या. दोन ठिकाणी लिहायची मुभा असली की भांडण ठरलेलं.

पुसणं बंद. त्याऐवजी एक रकाना आहे: 'शिकत आहे', 'दाखला नेला', 'तपासा'. दोन नावं सारखी दिसली की दोन्हींपुढे 'तपासा' येतं, आणि कोणीतरी उठून वर्गात जाऊन त्या मुलांना डोळ्यांनी बघून येतं. रात्रीचा प्रोग्राम आता फरक दिसला तर स्वतः मिटवत नाही, सकाळी मला फरकांची यादी देतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तारीख घालून एक प्रत पेन ड्राइव्हवर निघते आणि कपाटात जाते.

आणि एक जुनीच गोष्ट. दर सोमवारी हजेरीपटावरची मुलं मोजायची आणि शीटमधल्या ओळींशी संख्या ताडून बघायची. कारण या सगळ्या काळात एक कागद असा होता, जो कशाशीच जोडलेला नव्हता. 'ब' तुकडीचा हजेरीपट. जूनपासून जानेवारीपर्यंत त्यावर ती मुलगी होती, सरांच्या वळणदार अक्षरात. सर रोज सकाळी तिचं नाव घेत होते आणि ती रोज "हाजिर, सर" म्हणत होती. तिन्ही क्लाउडवर ती नव्हती, आणि भिंतीपलीकडे आवाज येत होता. मी एकदा जरी मुंडकी मोजली असती, तरी जुलैतच कळलं असतं.

तीन प्रती एकमेकींशी जुळल्या म्हणजे त्या खऱ्या आहेत, असं मी मानत होते. त्या फक्त एकमेकींशी जुळत होत्या. मुलीशी जुळवून बघायचं काम कोणत्याही प्रोग्रामला दिलेलं नव्हतं. ते माझं होतं, आजही आहे.

यंदाची यादी मागच्या आठवड्यात लावली. ती मुलगी आता दहावीत आहे. चष्मा नाकावर सरकवत ती बोर्डापाशी आली, बोटाने ओळ शोधली, आणि तिथेच न थांबता सरळ माझ्याकडे आली. "टीचर, इसमें दो बार है ना?"

मी म्हटलं, "दोनदा आहे. एक तिचं, एक तुझं. नंबर बघ."

तिने परत जाऊन नंबर बघितला, मगच वर्गात गेली.